टिकलीवाल्या बाई

बाई बसून जेवल्याचं मला एकदाही आठवत नाही. दुबईत करामा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल होतं, खुर्च्या होत्या, पण खुर्च्यांवर कायम उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बसलेले असत. बाई हातात ताटली घेऊन स्वयंपाकघरातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून स्वयंपाकघरात अशा फेऱ्या मारत जेवायच्या. पेपर तपासायच्या तेही उभ्यानं, फ्रिजच्या डोक्यावर पेपर ठेवून. फ्रिजमधून कुणाला पाणी हवं असेल तर एका विद्यार्थ्याचे मार्क पूर्ण होईपर्यंत थांबावं लागे.

त्या आमच्या शाळेत केमिस्ट्री शिकवायच्या. दुबईतल्या इंडियन शाळेत सगळ्यांना ‘मॅम’ म्हणतात, पण मराठी मुलांनी मॅम म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. “मॅम असेन मी बाकीच्यांची. तुमची बाई.” मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते आणि पुढे त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले, तेव्हा सहकारी झाले. स्टाफरूममध्येसुद्धा मी त्यांना बाईच म्हणायचे. वर्गात त्या इतक्या फिरायच्या की मुलांच्या माना दुखायच्या. एकदा शेवटच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “मॅम, प्लीज सिट डाउन, वी आर गेटिंग डिझी.” बाई थांबल्या, विचार केला आणि म्हणाल्या, “इलेक्ट्रॉन बसतो का? मग मी का बसू?” आणि पुन्हा चालायला लागल्या.

काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला होते. कुठला कंटेनर कुठे ठेवायचा ते ठरवायचं काम. आठवडाभर तिकडे राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. अत्यंत शांत माणूस. एक खुर्ची रिकामी करून त्यात बसायचे ते परत जायच्या वेळेलाच उठायचे. मी एकदा विचारलं, “काका, बाई पहिल्यापासून अशाच?” ते म्हणाले, “लग्नात सप्तपदी होती म्हणून निभावलं. बसून करायचे विधी भटजींनी आटोपते घेतले.”

अशा बाईंना नेमबाजीचा नाद लागेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

झालं असं, की शाळेच्या स्टाफची एक सहल शारजाच्या पुढे वाळवंटातल्या एका शूटिंग क्लबला गेली. तिथे थोडं शिकवून, इन्स्ट्रक्टर शेजारी उभा करून, छोट्या रायफलीनं निशाण्यावर गोळ्या मारू देतात. आम्ही सगळ्यांनी सेल्फी काढले, कानांना आवाज सहन होत नाही म्हणून कुरकुर केली आणि सावलीत जाऊन बसलो. बाई मात्र चटईवर पालथ्या पडल्या, रायफल खांद्याला लावली आणि हलेचनात. मी मागे उभी होते. त्यांची पाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती तेवढीच. इतक्या वर्षांत मी त्यांना स्थिर पाहिलं ते पहिल्यांदा. मला तर क्षणभर भीतीच वाटली, की यांना काही झालं की काय.

उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता. “अगं,” मला म्हणाल्या, “आतमध्ये सगळं गप्प होतं.”

तेव्हापासून दर शनिवारी क्लब. त्यांना गाडी येत नव्हती, म्हणजे लायसन्सच्या परीक्षेत त्या तीनदा नापास झाल्या होत्या. सिग्नलला थांबणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मग मी न्यायचे. माझीही सुट्टी, माझ्याही घरची कामं, पण त्यांच्याबरोबर गाडीत बसलं की आठवडाभराचा कंटाळा निघून जायचा. दुबईच्या वेशीवरचं मुहैस्नाह मागे पडलं की त्या खिडकीची काच वरखाली करायला लागायच्या. “यल्ला, यल्ला, कॅमेरे एकशेवीसला फोटो मारतात, तू नव्वदनं काय चालवतेस?”

आणि केमिस्ट्रीची बाई असल्यामुळे नुसती गोळी मारून त्यांचं समाधान होईना. आत काय आहे ते बघायचं होतं. क्लबमध्ये एक खोली होती, जिथे वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करून, त्यात नवीन दारू आणि गोळी भरून पुन्हा काडतुसं तयार करत. लांब पल्ल्याचे नेमबाज आपापल्या रायफलीला मानवेल अशी भरून घेत. त्या खोलीचा परवाना आणि किल्ली खानसाहेबांकडे होती. हे रावळपिंडीचे, फौजेतून निवृत्त होऊन इथे आलेले. त्यांनी बाईंना पहिले काही महिने फक्त पुंगळ्या पुसायला दिल्या. बाईंनी त्या चालत चालत पुसल्या. मग हळूहळू खानसाहेबांनी त्यांना शिकवलं, आणि शेवटी असं झालं की खानसाहेबच लोकांना सांगायला लागले, “मॅडम से पूछ लो.”

बाईंचा जीव अडकला तो प्रायमरमध्ये. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडात बसवलेली छोटीशी धातूची टोपी. रायफलीतला खिळा तिच्यावर आपटला की आत ठिणगी पडते आणि दारू पेटते. बाई त्याला टिकली म्हणायच्या, दिवाळीतल्या पिस्तुलात घालतो त्या टिकलीवरून. खानसाहेबही टिकली म्हणायला लागले. पुढे क्लबातले फिलिपिनो इन्स्ट्रक्टरसुद्धा.

“लोक गोळीबद्दल बोलतात, दारूबद्दल बोलतात,” बाई म्हणायच्या, “टिकलीला कुणी विचारत नाही. सुरुवात ती करते!”

एक नवा मेंबर आला होता, कुठल्याशा बँकेतला, मुंबईचाच. त्याला सगळ्यात जोरदार प्रायमर हवे होते. पॉवर जास्त तर रिझल्ट चांगला, असं त्याचं म्हणणं. बाईंनी त्याला खोलीभर फिरवलं. “घरी मोहरीच्या फोडणीला काय वापरता? गॅस ना? वेल्डिंगची टॉर्च का नाही वापरत? पॉवर जास्त असते.” तो हसला. बाई हसल्या नाहीत. “तुमची रायफल कुठली, दारू कुठली, किती, हे सांगा. मग टिकली मी सांगते. तुम्ही टिकली सांगायची नाही.”

खोलीत त्यांचे दोन कायदे होते. एक म्हणजे टेबलावर एका वेळी एकाच जातीच्या टिकल्यांची डबी. दुसरी हवी तर पहिली आधी कपाटात जायची. दुसरा कायदा असा, की त्या खोलीत ‘इन्शाल्ला’ म्हणायचं नाही. खानसाहेबांना हे जड जायचं, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथेच संपायचं. “खानसाहेब, बाहर अल्ला की मर्जी. अंदर आपकी और मेरी,” बाई म्हणायच्या. खानसाहेब कानाला हात लावायचे, पण पाळायचे.

फोनवर बोलताना मात्र बाईंना कशाचं भान नसायचं. एकदा मेट्रोत भर गर्दीत त्या खानसाहेबांशी बोलताना ओरडल्या, “दारू आज मत खोलो, कल मैं आके भरती हूँ!” शेजारी एक मराठी कुटुंब उभं होतं. त्यातल्या आजींनी नातीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

सैफ हा तिथला एक तरुण एमिराती मेंबर. कॉलेज संपवून नुकताच नोकरीला लागलेला. त्याच्याकडे स्वतःची रायफल होती, आणि ती एक गोळी सुटली की पुढची आपोआप आत घेणारी होती. बाईंची रायफल साधी, दर गोळीला हातानं बोल्ट मागेपुढे करायची. तो बाईंना ‘टीचर’ म्हणायचा आणि त्यांच्या बरोबरीनं चालत चालत गप्पा मारणारा एकटाच माणूस होता, बाकीचे दमायचे. बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की त्याच्या रायफलीला कडक टिकलीच लागते. कारण त्या प्रकारच्या रायफलीत गोळी आत शिरते तेव्हाच खिळा टिकलीला हलका टोचा मारतो. टिकली मऊ असेल तर एखादे वेळी बोल्ट नीट बंद व्हायच्या आधीच गोळी उडू शकते, आणि मग सगळी आग मागे, तोंडाकडे येते. बाईंच्या रायफलीला मऊ टिकली चांगली मानवायची. दोन्ही टिकल्या मापानं एकसारख्या, रंगानं एकसारख्या. एकदा पुंगळीत बसवल्या की कुणाच्या बापाला ओळखू येणार नाहीत.

त्या वर्षी क्लबची मोठी मॅच होती. बाईंनी तिच्यासाठी वर्षभर तयारी केली होती. त्यामागचं कारण मला माहीत होतं. बाईंची साठी पूर्ण होणार होती. शाळेत साठीनंतर एक्स्टेन्शन मिळतं कधी कधी, आणि त्या त्यावर डोळे लावून बसल्या होत्या, म्हणजे फेऱ्या मारत होत्या. एक्स्टेन्शन नाही तर व्हिसा नाही. काकांचं कॉन्ट्रॅक्टही संपत आलेलं. मग नाशिकला परत.

मॅचच्या आधीच्या शनिवारी आम्ही क्लबला गेलो. बाईंना त्या दिवशी स्वतःची काडतुसं भरायची होती आणि सैफची पण. मी बाहेर कॅन्टीनमध्ये शाळेचं काम करत बसले होते. दुपारी त्या खोलीतून बाहेर आल्या, फोन कानाला. प्रिन्सिपल बोलत होते. बाई फक्त “ओके सर, ओके सर” म्हणत होत्या. फोन संपला आणि त्या क्लबच्या इमारतीला फेऱ्या मारायला लागल्या. भर उन्हात, डोक्यावर काही नाही. मी पाण्याची बाटली घेऊन मागे धावले.

“नाही म्हणाले,” बाई म्हणाल्या. “मार्चपर्यंत. नंतर खलास.”

“बाई, आत चला. बसा जरा.”

“बसून काय होणारे?”

अजून कितीतरी वेळ त्या चालत राहिल्या. मग एकदम वळून आत गेल्या आणि अर्धवट राहिलेलं काम पुरं करून बाहेर आल्या. परत येताना गाडीत काच वरखाली केली नाही.

मॅचच्या दिवशी मात्र त्या ठीक दिसत होत्या. काकाही आले होते, त्यांनी मैदानावर आल्या आल्या एक खुर्ची गाठली होती. सैफनं त्याच्या वडिलांना आणलं होतं. पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे इथला पायघोळ अंगरखा, घातलेले, धिप्पाड, कमी बोलणारे गृहस्थ. सैफ त्यांना सगळीकडे फिरवून दाखवत होता. “दिस इज टीचर. शी मेक्स माय ॲमो,” त्यानं ओळख करून दिली. वडिलांनी छातीवर हात ठेवला.

पहिल्या तुकडीत सैफचं नाव होतं, बाईंचं दुसरीत. पहिली तुकडी चटयांवर पालथी पडली. माइकवरून सूचना सुरू झाल्या. बाई दोरीच्या मागे माझ्याजवळ येरझारा घालत होत्या. तेवढ्यात खानसाहेब कॅन्टीनकडून आले, दोन हातांत करक, म्हणजे इथल्या दाट दुधाळ चहाचे दोन कागदी कप घेऊन. एक त्यांनी बाईंपुढे धरला.

बाईंनी कप घेतला नाही. त्या खानसाहेबांच्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, “बाई, चहा.” त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे करून पाहिले, जणू त्यांतही काही धरलेलं होतं.

आणि मग त्या ओरडल्या. “स्टॉप! सीझ फायर! सीझ फायर!”

मैदानावर ही आरोळी कुणीही दिली तरी सगळं थांबतं, तो नियम आहे. लाल दिवा लागला. सगळ्यांनी हात रायफलीवरून काढले. सैफनं मॅगझिन लावलं होतं, पण पहिली गोळी अजून आत घेतली नव्हती. बाई दोरी ओलांडून त्याच्यापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, “मॅगझिन काढ. टेक इट आउट. हळू.”

रेंज ऑफिसर धावत आला. खानसाहेब आले. काय झालं, काय दिसलं, सगळे विचारायला लागले.

बाई म्हणाल्या, “मला आठवत नाही.” मग लक्षात येऊन हिंदीत म्हणाल्या, “मुझे याद नहीं है. पिछले शनिवार को मैंने टिकली की दो डब्बियाँ कपाट में रखीं. दोनों हाथों में एक-एक. मतलब दोनों टेबल पर थीं. बीच में मैं बाहर गई थी. वापस आकर कौन सी उठाई, मुझे याद नहीं है.”

खानसाहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “मॅडम, आपसे गलती हो ही नहीं सकती. हाथ को आदत होती है.”

“वो हाथ उस दिन मेरा नहीं था, खानसाहेब.”

कुणीतरी म्हणालं, कपाटातल्या डब्या मोजा. पण आठवडाभरात त्याच डब्यांतून इतरांनीही टिकल्या घेतल्या होत्या. मोजून काही कळणार नव्हतं. सैफची सगळी काडतुसं बाजूला काढली गेली. दुसरी त्याच्याजवळ नव्हती. त्याची मॅच तिथेच संपली.

तो उठून उभा राहिला. कपड्यांवरची धूळ झटकली. मला वाटलं तो काहीतरी बोलेल. “खलास, टीचर,” एवढंच म्हणाला आणि बाईंकडे न बघता पार्किंगकडे गेला.

खानसाहेब बाईंच्या कानाशी म्हणाले, “आपकी रायफल को तो कोई खतरा नहीं. दोनों टिकली चलेगी. आप अपनी मॅच खेलिए.” ते खरंच होतं. काकाही खुर्चीतून उठून आले होते, हे मला तेव्हा जाणवलं. “खेळ,” ते म्हणाले. “शेवटचीच आहे.”

दुसऱ्या तुकडीला बाई चटईवर जाऊन पडल्या. मी मागून बघत होते. खांदा हलत होता, पाय हलत होते, डाव्या पायाचा बूट सारखा वाळूत घासला जात होता. एकही गोळी न मारता त्या उठल्या आणि रायफल खानसाहेबांकडे दिली.

निघताना सैफचे वडील गेटपाशी उभे होते. त्यांनी बाईंना थांबवलं. गल्फमधल्या जुन्या लोकांचं असतं तसलं मोडकं हिंदी. “टीचर, तुम नहीं बोलता, तो किसको मालूम पड़ता?”

“किसी को नहीं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा छातीवर हात ठेवला. या वेळी बराच वेळ ठेवला.

नंतरचे दिवस वाईट गेले. क्लबच्या कमिटीनं ती खोली बंद केली. नियमाप्रमाणे खानसाहेबांनी पूर्ण वेळ खोलीत हजर असायला हवं होतं, आणि त्या शनिवारी ते मधे नमाजाला गेले होते. त्यांची नोकरी जाते की काय अशी वेळ आली. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, मुलं इथल्याच शाळेत. बाई कमिटीपुढे गेल्या. मी बाहेर थांबले होते. दारातून त्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याबरोबर पावलांचाही. त्या आतही चालतच बोलत होत्या. खानसाहेबांना ताकीद मिळाली, नोकरी राहिली. पण ते बाईंशी काही आठवडे नीट बोलले नाहीत. “चाबी मेरी थी, मॅडम,” एकदाच म्हणाले. शाळेत, बिल्डिंगमध्ये, लोक हळूच विचारायचे, “बाईंना हल्ली विसरायला होतं का?” मला राग यायचा. पण त्या स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायच्या, “हो, विसरले मी.”

सैफच्या सगळ्या काडतुसांची पुढे क्लबनं विल्हेवाट लावली. मऊ टिकल्या होत्या की कडक, ते कधीच कळलं नाही.

मार्च संपला. घर आवरायला मी रोज जायचे. काका खुर्चीत बसून खोक्यांवर नावं लिहायचे, बाई खोकी इकडून तिकडे न्यायच्या आणि परत आणायच्या. एका संध्याकाळी त्यांच्या फोनवर सैफचा व्हॉइस नोट आला. “टीचर, आय वॉज अँग्री. माय फादर टॉक्ड टू मी. नाऊ नॉट अँग्री. यल्ला, कम बॅक सून, इन्शाल्ला.” बाई तो नोट लावून कॉरिडॉरमध्ये फिरत राहिल्या. पलीकडच्या मल्याळी शेजाऱ्यांनी दार उघडून बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं. खानसाहेब एअरपोर्टवर आले, खजुराचा डबा घेऊन. दोघं लांब उभे राहून काहीतरी बोलले. काय ते मी विचारलं नाही.

आता नाशिकला त्या कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये शिकवतात. उभ्यानंच, हे सांगायला नको. नेमबाजी सुटली. मी फोन करते तेव्हा मागे रिक्षाचे, भाजीवाल्यांचे आवाज येत असतात आणि त्या धापा टाकत बोलतात.

मागच्या महिन्यात मी धीर करून विचारलं, “बाई, आता सांगा. तुम्हाला मनातून काय वाटतं? टिकल्या बरोबर होत्या की चुकीच्या?”

“बरोबरच असणार गं,” त्या लगेच म्हणाल्या. “इतकी वर्षं तेच करत होते. नव्याण्णव टक्के बरोबर.”

“मग?”

त्यांची पावलं थांबलेली मला फोनवर ऐकू आली.

“मग काय? उरलेल्या एका टक्क्याला तोंड लावून सैफ पडला होता.”